आधी निविदा, मग जागा : कात्रज-कोंढवा रस्त्याच्या भूसंपादनाचा पैसा

विकास आराखड्यावर रस्त्याची रेघ ओढायला महापालिकेला त्या दिवशी एक रुपयाही लागत नाही. त्या रेघेखालची जमीन घ्यायची वेळ येते, तेव्हा पैसा कोठून आणायचा हा प्रश्न पहिल्यांदा खरा होतो. पुण्यातील कात्रज-कोंढवा रस्त्याचे प्रकरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे, कारण जमिनीचा पैसा उभा करण्याचे जवळपास सगळे मार्ग या एकाच रस्त्याच्या वाटेत कधी ना कधी चर्चेला येण्याजोगे होते. पुढील टिपणात जागामालक, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांपैकी कोणाचेही नाव घेतलेले नाही. मालकांचे वर्णन व्यक्ती म्हणून नव्हे, तर धारणेच्या प्रकारानुसार केले आहे. जेथे ‘समजा’ असे म्हटले आहे तेथील आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत.

पार्श्वभूमी

कात्रज चौक सातारा रस्त्यावर आहे. तेथून खडी मशीन चौकाकडे आणि पुढे उंड्री, मंतरवाडीमार्गे सासवड व सोलापूर रस्त्यांकडे जाणारा हा रस्ता म्हणजे मुंबई-बंगळूर आणि पुणे-सोलापूर या दोन महामार्गांना शहराच्या दक्षिण बाजूने जोडणारा दुवा आहे. मध्यवर्ती पेठांमध्ये न शिरता एका महामार्गावरून दुसऱ्यावर जाऊ पाहणारी अवजड वाहने साहजिकच इकडे वळतात, आणि त्याच अरुंद रस्त्यावर शाळेच्या बस, दुचाक्या आणि सोसायट्यांमधून बाहेर पडणारी वाहनेही असतात. ‘खडी मशीन’ हे चौकाचे नावच सांगते की, हा भाग एकेकाळी शहराबाहेरचा, खडी फोडण्याच्या जागेचा होता. ज्या काळात येथील जमीन अजून शेतीच्या किंवा माळाच्या भावात मिळाली असती, त्या काळात ती घेतली गेली नाही. पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ या एका वाक्यात आहे.

विकास आराखड्यात या रस्त्याची रुंदी ८४ मीटर धरलेली आहे. प्रकल्पाचा मुख्य टप्पा सुमारे साडेतीन किलोमीटरचा, म्हणजे राजस सोसायटी चौक ते खडी मशीन चौक असा आहे. लांबी-रुंदीचा साधा गुणाकार केला तर ८४ मीटरच्या रस्त्याखाली सुमारे २९.४ हेक्टर जमीन जाते. जुन्या रस्त्याची रुंदी त्यातून वजा करावी लागेल हे खरे, तरीही उरणारे क्षेत्र लहान नाही, आणि ते एका-दोघांचे नसून असंख्य लहानमोठ्या धारकांचे आहे.

आरक्षणाखालच्या जमिनीची कायदेशीर स्थिती येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ नुसार अशी जमीन तीन मार्गांनी घेता येते : वाटाघाटीने ठरलेली रक्कम देऊन, एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ठरवणारा चटईक्षेत्र निर्देशांक) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन, अथवा राज्य शासनाकडे अर्ज करून सक्तीच्या संपादनाने. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत यांपैकी काही झाले नाही, तर कलम १२७ नुसार मालक खरेदीसाठी सूचना देऊ शकतो. त्यानंतर प्राधिकरणाला मिळणारी मुदत पूर्वी सहा महिने होती. ती २००९ मध्ये बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिने झाली. या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द होते. नुसता प्रस्ताव शासनाकडे पाठवणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘गिरनार ट्रेडर्स’ प्रकरणात स्पष्ट केले होते. थोडक्यात, आरक्षण ही महापालिकेने मालकाकडून घेतलेली एक प्रकारची मुदतबंद सवलत आहे, आणि ती मुदत पैशाशिवाय वाढत नाही.

अडचण

रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम २०१८ मध्ये हाती घेण्यात आले. निविदा निघाली, ठेकेदार नेमला गेला, भूमिपूजन झाले. पुरेशी जागा मात्र ताब्यात नव्हती. जागामालक टीडीआर किंवा एफएसआय घेऊन जमिनीचा ताबा देतील, त्यामुळे महापालिकेच्या तिजोरीतून बांधकामाचाच खर्च प्रामुख्याने जाईल, हे गृहीतक त्या आखणीमागे होते. प्रत्यक्षात बहुतेक मालकांनी रोख मोबदल्याचा आग्रह धरला आणि येथेच गाडी अडली.

हा आग्रह हटवादीपणाचा होता, असे म्हणणे सोपे आहे आणि कार्यालयांतून ते म्हटलेही जाते. पण टीडीआर हातात घेऊन पाहिले की मालकाची बाजू कळते. राज्याच्या २०१६ च्या टीडीआर धोरणानुसार, आणि पुढे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही, दाटवस्तीबाहेरच्या जमिनीला तिच्या क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर मिळतो. कागदावर हे उदार दिसते. मात्र हा टीडीआर दुसरीकडे वापरताना उगमाच्या जमिनीचा रेडीरेकनर दर (मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेला दर) आणि वापराच्या जागेचा दर यांच्या प्रमाणात त्याचे क्षेत्र कमी-जास्त होते. समजा, १,००० चौरस मीटर जमीन दिली, २,००० चौरस मीटरचे हक्क मिळाले, आणि वापराच्या ठिकाणचा दर उगमाच्या दुप्पट असला, तर तेथे प्रत्यक्षात १,००० चौरस मीटरच बांधता येतात. शिवाय तो विकायचा तर विकसक गाठावा लागतो, आणि विकसकासमोर प्रीमियम भरून जादा एफएसआय घेण्याचा पर्यायही असतो. म्हणजे ज्या महापालिकेने मालकाला टीडीआर दिला, तीच त्याच खिडकीवर टीडीआरला स्पर्धा करणारा माल विकत असते. प्रीमियमचा दर हा टीडीआरच्या भावावरचे अघोषित झाकण ठरतो.

मोठ्या धारणेचा मालक, ज्याची उरलेली जमीन रस्त्यालगतच आहे आणि जो स्वतः बांधकाम करणार आहे, त्याला हा व्यवहार परवडतो, किंबहुना रुंद रस्त्यामुळे उरलेल्या जमिनीवर जास्त बांधकाम मिळत असल्याने तो त्याला हवाच असतो. दोन-चार गुंठ्यांत घर, दुकान किंवा गाळा असलेल्याची गोष्ट निराळी आहे. त्याची सगळीच जागा रस्त्यात जाते. त्याला पुण्यातच दुसरीकडे छप्पर घ्यायचे असते आणि विक्रेता टीडीआरचे प्रमाणपत्र घेऊन घर देत नाही. त्यात सातबाऱ्यावर पाच-सात वारसांची नावे, गुंठेवारीचे (जमिनीचे छोटे तुकडे पाडून परवानगीशिवाय विकल्याचे) व्यवहार, पतसंस्थेचा बोजा, मोजणीतील हद्दीची तफावत, यांपैकी एखादी गोष्ट असतेच. टीडीआरसाठी निर्वेध मालकी सिद्ध करावी लागते आणि सगळ्या सहधारकांची संमती लागते. रोख रकमेत वाद असेल तर ती निदान प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात जमा करता येते.

पैशाचे मार्ग

महापालिकेपुढचे मार्ग कोणते होते, हे एकेक करून पाहू. त्यांचे महत्त्व सारखे नाही, म्हणून काहींवर जास्त थांबलो आहे.

सक्तीच्या संपादनाचा हिशेब आधी मांडणे बरे, कारण बाकी सर्व मार्गांची तुलना शेवटी त्याच्याशी होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्य ठरवताना रेडीरेकनर दर आणि आसपासच्या खरेदीखतांवरून निघणारी सरासरी यांतील जी रक्कम जास्त असेल ती धरतात. या मूल्याला एका गुणकाने गुणतात; शहरी भागात तो एक असतो. त्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (मोबदला ठरवणाऱ्या अंतिम आदेशापर्यंत) किंवा आधी ताबा घेतला असल्यास ताब्यापर्यंत, बाजारमूल्यावर वार्षिक १२ टक्के वेगळे द्यावे लागतात. समजा, एका गुंठ्याचे बाजारमूल्य ३० लाख रुपये धरले. दिलासा रकमेसह ते ६० लाख होते. निवाड्याला दोन वर्षे लागली तर आणखी ७ लाख २० हजार. एकूण ६७ लाख २० हजार रुपये, आणि हे त्या जागेवरील बांधकामाची किंमत सोडून. अधिसूचनेनंतर काहीही न करता नुसते थांबण्याची किंमत एकूण देण्याच्या सुमारे सहा टक्के दर वर्षाला पडते, हे यातून दिसते. अधिसूचनाच काढली नाही तर हे सहा टक्के लागत नाहीत, पण मग मूळ बाजारमूल्यच दरवर्षी पुढे सरकते. दोन्हीकडून मीटर चालूच असतो.

वाटाघाटीने थेट खरेदी हा याचा सौम्य भाऊ. राज्यात २०१५ पासून सार्वजनिक प्रकल्पांच्या थेट खरेदीसाठी कायद्याने निघणाऱ्या मोबदल्यावर २५ टक्के जादा देण्याची पद्धत आहे, आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासाठी बहुतेक जमीन याच पद्धतीने घेतली गेली. तेथे ग्रामीण गुणकामुळे मोबदला पाचपट झाल्याचा गाजावाजा झाला. शहरात तो गुणक नाही, हे अनेक मालकांना वाटाघाटीच्या टेबलावर बसल्यानंतर कळते आणि बोलणी तेथेच कटू होतात. थेट खरेदीत वेळ वाचतो, अपिले टळतात. मात्र ती चालते ती पैसे तयार ठेवणाऱ्या संस्थेलाच, कारण आज संमती दिलेल्या मालकाला ‘पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद झाली की बघू’ असे सांगितले की तो दुसऱ्या दिवशी वकील गाठतो.

हा पैसा महापालिकेकडे नव्हता का? पुणे महापालिकेचे २०२३-२४ चे अंदाजपत्रक ९,५१५ कोटी रुपयांचे होते. रुंदी ८४ वरून ५० मीटर केल्यानंतर (त्याविषयी पुढे) या रस्त्याच्या भूसंपादनासाठी सुमारे २८० कोटी रुपयांची गरज सांगितली जात होती. म्हणजे एका वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या तीन टक्क्यांहूनही कमी. अर्थात अंदाजपत्रकाचा मोठा वाटा वेतन, देखभाल, पाणी, कचरा आणि आधीच सुरू असलेल्या कामांत बांधलेला असतो, जमेचा अंदाजही नेहमी पुरा होत नाही. तरीही ही रक्कम तीन-चार वर्षांत विभागून बाजूला काढणे अशक्य कोटीतले नव्हते. खरी अडचण रकमेपेक्षा अंदाजपत्रकाच्या स्वभावाची आहे. तरतूद ३१ मार्चला संपते, आणि जमिनीची बोलणी आर्थिक वर्ष पाहून होत नाहीत. फेब्रुवारीत भूसंपादनाची रक्कम पडून आहे असे दिसले की ती वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा मोह होतो. ज्या मालकाने एप्रिलमध्ये होकार द्यायचे ठरवले असते, त्याच्यासाठी नव्या वर्षात पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

कर्ज किंवा रोखे हा पर्याय चर्चेत फारसा आला नाही, तो माझ्या मते यायला हवा होता. याच महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले होते. पाणी योजनेला पाणीपट्टीचे उत्पन्न असते, रस्त्याखालच्या जमिनीला नसते, हा आक्षेप योग्यच आहे. पण वर सांगितलेला हिशेब शेजारी ठेवला की चित्र बदलते. अधिसूचनेनंतरच्या विलंबाची किंमतच सहा टक्के असेल, आणि अधिसूचनेआधी जमिनीचे दर व्याजदरापेक्षा वेगाने वाढत असतील, तर साडेसात टक्क्यांचे कर्ज महाग नाही. परतफेडीसाठी रस्त्यालगतच्या बांधकामांतून येणारे विकास शुल्क, प्रीमियम आणि वाढणारा मिळकतकर यांतील काही हिस्सा राखून ठेवता आला असता. उपनगरांत दर संथ असतात अशा काळात हाच हिशेब उलटाही पडू शकतो, म्हणून कर्ज हे सरसकट उत्तर नाही. पण हा आकडा मांडून नाकारणे वेगळे आणि मांडलाच न जाणे वेगळे.

नगररचना योजनेचा मार्ग अहमदाबादने दाखवला आहे. तेथील सरदार पटेल रिंग रोड ७६ किलोमीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. तेथील नगरविकास प्राधिकरणाने त्याची जमीन मोठ्या प्रमाणावर नगररचना योजनांमधून मिळवली : परिसरातील सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ता व सुविधांसाठी प्रत्येकाकडून ठराविक वाटा घ्यायचा, आणि उरलेली जमीन नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला भूखंड म्हणून त्याच मालकाला परत द्यायची. गुजरातच्या कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्क्यांपर्यंत, आणि पायाभूत सुविधांचा खर्च काढण्यासाठी विकायला आणखी १५ टक्क्यांपर्यंत जमीन घेता येते. १९९९ च्या दुरुस्तीनंतर मसुदा योजना मंजूर होताच रस्त्याखालची जमीन ताब्यात घेण्याची सोय झाली, आणि हीच खरी किल्ली होती, कारण त्यामुळे अंतिम भूखंडांचे वाद मिटेपर्यंत रस्ता थांबत नाही. महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. पुण्यातील भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, जुन्या नगररचना योजनांतूनच आखले गेले, आणि अलीकडे माण-म्हाळुंगेसाठी पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) तीच वाट धरली. मात्र योजना मोकळ्या जमिनीवर होते. कात्रज-कोंढवा रस्त्यालगत इमारती, गोदामे आणि सोसायट्या उभ्या राहिल्यावर कोणाचा भूखंड कोठे सरकवणार? २०१८ मध्ये हा दरवाजा बहुतांशी बंद झालेला होता. त्याआधी पंधरा-वीस वर्षे तो उघडा होता.

उरले दोन मार्ग : राज्य शासनाकडे अनुदान मागणे आणि रुंदी कमी करणे. महापालिकेने अखेर हे दोन्ही स्वीकारले.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय २०१८ चा, कामाला सुरुवात करण्याचा. त्यामागे तर्क नव्हता असे नाही. रस्त्यावर अपघात होत होते, लोकांचा रोष होता, आणि काम सुरू झालेले दिसले की मालकही पुढे येतात असा अनेक अभियंत्यांचा अनुभव असतो. जेथे मोठे मालक आहेत तेथे तो खराही ठरतो. पण येथे उलटे घडले. ठेकेदार यंत्रसामग्री घेऊन उभा आहे आणि महापालिकेला घाई आहे, हे दिसल्यावर प्रत्येक उरलेल्या तुकड्याची सौदेबाजीतील ताकद वाढली. साडेतीन किलोमीटरपैकी तीन किलोमीटर तयार असला आणि मध्ये पन्नास मीटर लांबीचा अरुंद गळा राहिला, तर वाहतुकीच्या दृष्टीने रस्ता त्या पन्नास मीटरएवढाच असतो, आणि त्या पन्नास मीटरच्या मालकाला हे महापालिकेइतकेच ठाऊक असते.

दुसरा निर्णय टीडीआरवर अडून राहण्याचा. तो कोणी एका बैठकीत घेतला असे नाही. रोख तरतूद अपुरी असल्याने तो दरवर्षी आपोआप घेतला जात राहिला. मधल्या काळात कोविड आला आणि २०२०-२१ मध्ये सगळ्याच महापालिकांची भांडवली कामे मागे पडली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून महापालिकेत प्रशासकाचा कारभार सुरू झाला. स्थायी समितीतील ओढाताण त्यामुळे संपली, पण प्रभागाच्या पातळीवर मालकांशी बोलणारा मध्यस्थही गेला. या दोन्हींचा जमाखर्च मांडणे कठीण आहे. मार्गी लागलेल्या बोलण्यांमागे किती वेळा स्थानिक नगरसेवकाचा चहा असतो, हे कोणत्याही नस्तीत (फाइलमध्ये) नोंदवलेले नसते.

तिसरा निर्णय रुंदीचा. ८४ मीटरऐवजी सध्या ५० मीटर रुंदीचा रस्ता करायचे ठरले. क्षेत्राच्या भाषेत एकूण २९.४ हेक्टरऐवजी १७.५ हेक्टर. जुना रस्ता समजा २० मीटरचा धरला, तर नव्याने लागणारी पट्टी ६४ मीटरवरून ३० मीटरवर, म्हणजे निम्म्याहून खाली येते. पैशाच्या दृष्टीने हा सर्वांत परिणामकारक निर्णय होता, आणि वाहतुकीच्या दृष्टीनेही तो लंगडा नव्हता, कारण ५० मीटरमध्ये दोन्ही बाजूंना पुरेशा मार्गिका, पदपथ आणि सेवा रस्ता बसू शकतात. लहान घरांपैकी काही वाचली, हाही लाभ धरायला हवा.

चौथी कृती राज्य शासनाकडे जाण्याची. भूसंपादनाच्या २८० कोटींपैकी २०० कोटी राज्याने द्यायचे आणि उरलेले महापालिकेने घालायचे, असा मेळ बसवण्यात आला. राज्याने २०० कोटींना मान्यता दिली आणि त्यांपैकी सुमारे १४० कोटी रुपये प्रत्यक्षात मिळाले. हा पैसा आल्यावरच रोख मोबदल्याचे प्रस्ताव खऱ्या अर्थाने मार्गी लागू लागले, ही गोष्ट अडचणीचे मूळ कोठे होते ते दाखवते. जे मालक चार-पाच वर्षे ‘असहकार’ करत असल्याचे सांगितले जात होते, त्यांच्यापैकी अनेकांची भूमिका पहिल्या दिवसापासून एकच होती आणि ती बदलली नाही. बदलली ती तिजोरी.

परिणाम

रस्ता ठरलेल्या मुदतीत झाला नाही. जेथे जागा मिळाली तेथे काम झाले, जेथे मिळाली नाही तेथे जुना रस्ता राहिला, आणि रुंद तुकड्यावरून अरुंद तुकड्यात शिरणारी अवजड वाहने हा रोजचा धोका बनला. रुंदीकरण सुरू होण्यापूर्वी संपूर्ण रस्ता सारखाच अरुंद असल्याने निदान वेग कमी होता. अर्धवट रुंदीकरणाने वेग वाढवला आणि गळा तसाच ठेवला. कामाची मुदत वाढत गेली की निविदेतील दरांचाही प्रश्न उभा राहतो, आणि तो खर्च भूसंपादनाच्या खात्यात दिसत नाही. जमिनीसाठी वाचवलेला पैसा बांधकामाच्या भाववाढीत गेला का, याचे उत्तर दोन वेगवेगळ्या विभागांच्या नस्त्या शेजारी ठेवल्याशिवाय मिळणार नाही.

अनुदानाचा आणखी एक परिणाम आहे. एका रस्त्याच्या जमिनीसाठी राज्याने पैसे दिले, की शहरातील पुढच्या प्रत्येक रखडलेल्या रस्त्यासाठी तीच अपेक्षा तयार होते, महापालिकेतही आणि मालकांतही. टीडीआर घेऊन आधी जागा देऊन बसलेल्या मालकाला आपण घाई केली असे वाटू लागते, आणि शेजारच्या रस्त्यावरचा मालक थांबून राहणे शहाणपणाचे समजतो.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा फरक क्रमाने पडला असता. निविदेआधी प्रत्येक तुकड्याची संयुक्त मोजणी, धारकांची यादी आणि मोबदल्याचा अंदाज तयार करून त्यानुसार मालकांचे दोन गट करता आले असते : टीडीआर ज्यांना परवडतो ते, आणि रोख रकमेशिवाय ज्यांचा व्यवहार होऊच शकत नाही ते. दुसऱ्या गटाची एकूण रक्कम काढली असती, तर ती ८४ मीटरला झेपणारी नाही हे २०१८ मध्येच कळले असते, आणि रुंदीचा निर्णय चार-पाच वर्षे आधी झाला असता. कागदाचा हा अभ्यास करायला फार पैसा लागत नाही. लागते ते भूमी अभिलेख आणि पथ विभाग यांनी काही महिने एका टेबलावर बसणे.

दुसरे, भूसंपादनासाठी ३१ मार्चला न संपणारा वेगळा निधी. त्यात दरवर्षी प्रीमियम आणि विकास शुल्काचा ठराविक हिस्सा जमा व्हावा, आणि तो इतर कामांकडे वळवायचा असेल तर मुख्य सभेची जाहीर मान्यता लागावी, एवढी अट पुरेशी आहे. असा निधी असता तर होकार आला त्याच महिन्यात धनादेश देता आला असता. काही अनुभवी भूसंपादन अधिकारी म्हणतात की, पहिले दहा धनादेश वेळेत निघाले की पुढचे शंभर मालक स्वतः येतात. हे मोजून सिद्ध करता येणार नाही, पण उलट बाजूचा अनुभव, म्हणजे पहिले दहा जण पैशासाठी खेटे घालताना दिसले की बाकीचे दार लावून घेतात, तो कोणालाही विचारावा.

तिसरे, तुकड्यांचा क्रम. जो मालक तयार आहे त्याची जागा आधी, अशा पद्धतीने घेतलेली जमीन नकाशावर ठिपक्यांसारखी दिसते. त्याऐवजी एका टोकापासून सलग पट्टा, किंवा सर्वांत अरुंद गळे आधी, असा क्रम ठरवला असता, तर अर्ध्या पैशातही वाहतुकीला काही उपयोग झाला असता. यासाठी गळ्यावरच्या मालकाला थोडा जास्त दर द्यावा लागतो आणि लेखापरीक्षणात त्यावर बोट ठेवले जाते. म्हणूनच दर वैयक्तिक सौद्यावर न सोडता, ठराविक तारखेपूर्वी संमती देणाऱ्या सर्वांना जाहीर केलेली जादा टक्केवारी देणे, हा अधिक निर्धोक मार्ग आहे.

शेवटचा मुद्दा अजून मिटलेला नाही. रस्ता ५० मीटरचा करायचे ठरले, तरी आराखड्यातील ८४ मीटरची आखणी वगळली गेली नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून ३४ मीटरची पट्टी अशी उरते की, तिच्यावर मालकाला बांधता येत नाही आणि तिचे पैसेही मिळत नाहीत. साडेतीन किलोमीटर लांबीत हे क्षेत्र सुमारे ११.९ हेक्टर भरते. ही पट्टी भविष्यात लागणार असेल तर तिच्यासाठी वर सांगितलेला निधी आत्ताच सुरू व्हायला हवा, आणि लागणार नसेल तर कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करून ती मोकळी करायला हवी. दोन्ही केले नाही, तर दहा वर्षांची मुदत पूर्ण झालेल्या प्रत्येक सातबाऱ्यावरून कलम १२७ ची सूचना येऊ शकते, आणि ती आल्यापासून चोवीस महिन्यांत महापालिकेला त्या पट्टीचे पैसे उभे करावे लागतील.